संकल्प दिन आणि भाड्याची खोली

दरवर्षी २३ सप्टेंबरला आम्ही संकल्प दिन पाळतो. बडोद्याच्या कमाटी बागेत बाबासाहेबांच्या डोळ्यांत आलेल्या पाण्याविषयी भाषणे होतात. ते पाणी कशामुळे आले, हे मात्र घाईत सांगून टाकले जाते. भाड्याची खोली नाकारली गेली म्हणून ते आले होते. संकल्प दिनाचा इतिहास हा घर नाकारण्याचा इतिहास आहे.

१९१७ साली कोलंबिया आणि लंडन येथे शिकून आलेले बाबासाहेब करारानुसार बडोदा संस्थानच्या नोकरीत रुजू झाले. हिंदू हॉटेलात जात आडवी येणार, म्हणून ते पारशी धर्मशाळेत उतरले. तिथे फक्त पारशांनाच जागा होती. देखभाल करणाऱ्याने रोजचा दीड रुपया ठरवला आणि वहीत पारशी नाव लिहिले गेले. अकराव्या दिवशी काठ्या घेतलेले डझनभर पारशी आले. बाबासाहेबांनी आठवड्याची मुदत मागितली, पण संध्याकाळपर्यंत निघण्याचा हुकूम झाला. संस्थानच्या बंगल्यासाठी केलेली विनंती हवेत लटकत राहिली. एक हिंदू आणि एक ख्रिस्ती मित्र, दोघांनीही अडचणी सांगितल्या. रात्रीच्या गाडीने ते मुंबईला परतले. ही हकीकत त्यांनी स्वतः 'वेटिंग फॉर अ व्हिसा'मध्ये लिहून ठेवली आहे.

यातून आम्ही काय घ्यायचे? पदवी आणि पगार जातीच्या भिंतीत दार पाडत नाहीत. नाकारणारा एकटा घरमालक नसतो; त्याच्यामागे जमाव, गप्प बसलेले सरकार आणि अंग काढून घेणारे मित्र असतात. आणि बदललेले नाव दहा दिवस टिकते. आज पुण्या-मुंबईत खोली शोधताना आडनाव गाळणाऱ्या मुलामुलींना आम्ही दोष देत नाही. डोक्यावर छप्पर लागतेच. पण वहीत काय लिहिले यावर तो निवारा उभा असेल, तर वही तपासणारा कधीही येऊ शकतो.

"घर माझे, मर्जी माझी," असे उत्तर मिळते. कायदा तसे म्हणत नाही. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत, आज अनुच्छेद १५ असलेल्या तरतुदीवर बोलताना बाबासाहेबांनी 'दुकान' या शब्दाचा अर्थ व्यापक असल्याचे स्पष्ट केले. मोबदला घेऊन सेवा देणारा त्यात येतो. १९५५ चा अस्पृश्यता कायदा १९७६ पासून नागरी हक्क संरक्षण अधिनियम म्हणून ओळखला जातो. कोणत्याही वस्तीत राहते घर बांधायला, घ्यायला किंवा त्यात राहायला अस्पृश्यतेच्या कारणावरून आडकाठी करणे हा त्याच्या कलम ४ नुसार गुन्हा आहे. कलम १२ त्याहून महत्त्वाचे. पीडित व्यक्ती अनुसूचित जातीची असेल, तर ते कृत्य अस्पृश्यतेतूनच झाले असे न्यायालय गृहीत धरते. तसे नव्हते हे आरोपीने सिद्ध करायचे.

मग भिंत उभी कशी? एक कारण म्हणजे काठीची जागा पोटनियमाने घेतली. २००५ साली गुजरातमधील एका पारशी गृहनिर्माण संस्थेच्या खटल्यात, सभासदत्व पारशांपुरते ठेवणारा पोटनियम सर्वोच्च न्यायालयाने वैध ठरवला. त्या खटल्यात अस्पृश्यतेचा मुद्दा नव्हता. तरीही 'आमच्यातलेच हवेत' म्हणणाऱ्यांना त्यातून बळ मिळते. दुसरे कारण, नकार तोंडी असतो. "खोली कालच गेली", "तुम्ही काय खाता?" एवढ्यावर काम भागते आणि मागे काहीच उरत नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. नकाराचा कागद करा. एजंटशी बोलणे मेसेजवर ठेवा, जाहिरातीचा फोटो ठेवा, तारीख-वेळ टिपून घ्या. 'गेलेल्या' खोलीची चौकशी दुसऱ्या आडनावाच्या मित्राला करू द्या. तो साक्षीदार होईल. मग पोलिसांत लेखी तक्रार द्या. अनुसूचित जातीच्या व्यक्तीला विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. खोली मिळाली तर भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत हवा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ नुसार ती जबाबदारी घरमालकाची आहे.

बडोद्याच्या त्या दिवसाची नोंद बाबासाहेबांनी स्वतः केली, म्हणून ती आज पुरावा आहे. येत्या संकल्प दिनी प्रत्येक वस्तीत, प्रत्येक वसतिगृहात एक वही ठेवू या आणि नाकारलेल्या खोल्यांची नोंद तिच्यात करू या. या वहीत नाव खरे लिहायचे.

जय भीम!