दरबारातली भाषा, दरीतली भाषा

आज लखनौपासून सुरुवात करू आणि ताजिकिस्तानच्या डोंगरापर्यंत जाऊ. प्रश्न एकच आहे: भाषा कुणाच्या जिवावर जगते?

अवधचा पहिला नवाब सआदत खान इराणमधल्या निशापूरचा. १७२२ साली तो अवधचा सुभेदार झाला. त्यानंतर लखनौच्या दरबारात आणि दफ्तरात फारसीचा मोठा मान होता. कंपनी सरकारने १८३७ मध्ये आपल्या मुलखातल्या कोर्टांतून फारसी काढली. १८५६ मध्ये अवध खालसा झाले आणि इथलाही राजाश्रय गेला. मुन्शी नवलकिशोर यांनी १८५८ मध्ये लखनौत छापखाना काढला, त्यातून फारसी ग्रंथ निघत राहिले. पण लोकांच्या घरात उर्दू होती, अवधी होती. फारसी पुस्तकात उरली.

आता दुसरे टोक. समरकंदच्या परिसरात एकेकाळी सोग्दी बोलली जाई. तीही इराणी कुळातलीच. रेशीम मार्गावरचे व्यापारी हीच भाषा बोलत. चीनच्या दुन्हुआंगजवळ १९०७ मध्ये ऑरेल स्टाइन यांना त्यांची जुनी पत्रे सापडली. पुढे फारसी पसरली आणि सोग्दी मागे पडत नाहीशी झाली. तिच्याच एका बोलीची लेक मात्र याघनोब नदीच्या दुर्गम दरीत टिकली. तिचे नाव याघनोबी.

तिला ना दरबार होता, ना छापखाना. होती ती फक्त चूल आणि अंगण. १९७०-७१ मध्ये सोव्हिएत सरकारने ही दरी रिकामी केली आणि माणसांना सपाटीवरच्या जफराबादच्या कापूसशेतीवर नेले. पुढे काही कुटुंबे परतली. आज ही भाषा काही हजार लोकच बोलतात, आणि शाळा, नोकरी, बाजार सगळे ताजिकमध्ये, म्हणजे फारसीच्याच एका रूपात चालते.

मंडळी, गंमत बघा. ज्या फारसीने सोग्दीची जागा घेतली, तीच फारसी राजाश्रय जाताच लखनौत मागे पडली. अंगणातली भाषा हजार वर्षे टिकली, पण अंगणच हलवले तेव्हा तीही धोक्यात आली.

आपल्या मराठीत अर्ज, जमीन, दफ्तर हे शब्द फारसीच्या वाटेने आले आणि घरचे झाले. इंदूर, बडोदे, तंजावर, लखनौ, तुम्ही कुठेही असा, मराठी शाळेत असेल-नसेल; नातवंडांशी ती बोलली जाते का, हे आधी पाहा.