गाण्यावाचून बोलपट

तंजावरात मराठी राज्य १८५५ साली संपले, पण नाटक म्हटले की गाणे हवेच, ही कावेरीकाठची रीत त्यानंतरही सुटली नाही. शहाजीराजांच्या (१६८४–१७१२) दरबारी मराठी नाटकांतही कथा पदे आणि दरू यांच्याच आधाराने पुढे सरके. बोलपट आला तो याच वाटेने गेला. तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातील मायावरमचे त्यागराज भागवतर यांच्या १९३४ च्या 'पवळक्कोडी'त सुमारे ५० गाणी होती. त्यांचा १९४४ चा 'हरिदास' मद्रासच्या एकाच चित्रगृहात तीन दिवाळ्या चालला.

अशा मुलखात १९५४ च्या एप्रिलात एव्हीएमचा 'अंद नाळ' आला. त्यात एकही गाणे नव्हते. विशेष हे की, दिग्दर्शक एस. बालचंदर स्वतः संगीतज्ञ होते व पुढे श्रेष्ठ वीणावादक म्हणून गाजले. १९४३ च्या ऑक्टोबरात मद्रासवर जपानी बॉम्ब पडला, त्या दिवसांतली ही कथा आहे. एका रेडिओ अभियंत्याचा खून होतो आणि प्रत्येक साक्षीदार आपल्या परीने वेगळीच हकीकत सांगतो. खुनी कोण हे सांगून आम्ही वाचकांच्या आनंदावर विरजण घालीत नाही.

ही मांडणी कुरोसावांच्या 'राशोमोन'ने सुचविली. मात्र कथानकाची ठेवण अँथनी अॅस्क्विथ यांच्या 'द वूमन इन क्वेश्चन' या ब्रिटिश गुन्हेपटाशी अधिक जुळते, असे अभ्यासकांचे मत आहे. त्यातही खून झालेल्या एकाच स्त्रीचे प्रत्येक साक्षीदाराच्या तोंडून निराळे चित्र उभे राहते. हे दोन्ही चित्रपट १९५० चेच.

इंग्रजी गुन्हेपटाला पात्रांच्या तोंडी गाणे घालण्याची गरज नव्हती, कारण तेथे गाण्याचा बाजार स्वतंत्र होता. १४ नोव्हेंबर १९५२ पासून लंडनचे 'न्यू म्युझिकल एक्सप्रेस' ध्वनिमुद्रिकांच्या खपानुसार दर आठवड्यास क्रमवारी छापू लागले. पहिल्या यादीत बाराच क्रमांक होते. 'द थर्ड मॅन' (१९४९) मध्ये कोणी गात नाही. तरी त्यातील अँटन करास यांची झिथरची धून जगभर खपली. आपल्याकडे मात्र तबकडी आणि बोलपट हा एकच व्यवहार होता. चित्रगृहातून बाहेर पडणाऱ्याच्या ओठी गाणे नसेल, तर पैसे वाया गेले असे त्यास वाटे. 'अंद नाळ'ची जाणकारांनी वाखाणणी केली, पण सामान्य प्रेक्षक निराश झाला व चित्र चालले नाही.

मराठी वाचकास यात आणखी एक धागा सापडेल. खून झालेल्या अभियंत्याची भूमिका शिवाजी गणेशन यांची. तंजावरजवळचे सूरक्कोट्टै हे त्यांच्या घराण्याचे गाव. सी. एन. अण्णादुरै यांच्या नाटकात त्यांनी छत्रपतींची भूमिका केली. ती पाहून पेरियार यांनी गणेशन यांस 'शिवाजी' म्हटले आणि ते नाव कायम झाले. याच शिवाजींनी 'अंद नाळ'मध्ये देशाची गुपिते शत्रूस विकणारा रंगविला. आमच्यापैकी काहींस हे खटकते. आम्हांस खटकत नाही. ते नाव अभिनयाला मिळालेले बिरुद होते; खलपात्रही जीव ओतून उभे करावे, यातच त्या बिरुदाचा मान होता.

खपाची यादी आठवडा मोजते. तेवढ्या मोजणीत 'अंद नाळ' हरला, पण तमिळ चित्रपटाचा इतिहास लिहिताना आज त्यास वगळता येत नाही. शहाजीराजांच्या नाटकांचा खप तर कोणी मोजलाच नाही. त्यांच्या पोथ्या सरस्वती महालात पडून राहिल्या आणि विसाव्या शतकात काही छापून निघाल्या. तंजावरास बदली होऊन येणाऱ्या बांधवांनी देवळाइतकीच या ग्रंथालयाची वाट धरावी. तेथे वाचक आला, तरच त्या पदांना पुन्हा कान मिळतील.