आज्ञापत्रांतील आरमारी लांकूड व जहाजाचें आयुष्य

वस्तु घडवितांना मूळ द्रव्यापासून तिच्या शेवटापर्यंत सृष्टीची जी हानि होईल तिचा हिशेब आधींच करावा, हा विचार अगदीं अलीकडचा समजतात. त्याचें जुनें प्रमाण म्हणून आज्ञापत्रांतील वृक्षांविषयींचा मजकूर वारंवार पुढें केला जातो, व तो थेट शिवछत्रपतींचा हुकूम म्हणून सांगितला जातो. या दोन्ही विधानांची छाननी करणें अवश्य आहे.

प्रथम काल. शिवछत्रपति १६८० त कैलासवासी झाले. आज्ञापत्र रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवें प्रसिद्ध असून १७१५ तील, करवीरकर संभाजी महाराजांच्या कारकीर्दींतील आहे. अमात्यांनीं थोरल्या महाराजांची राजनीति पाहिली होती; तेव्हां तीच परंपरा येथें उतरली असावी, हें अनुमान सयुक्तिक आहे. परंतु अनुमान म्हणजे हुकूम नव्हे.

आतां मजकूर. वृक्षांचा हा विषय आरमाराच्या प्रकरणांत येतो. जहाजाच्या फळ्यांस व डोलकाठ्यांस मोठें लांकूड लागे. राज्यांतील अरण्यांत सागवानादि झाडें असतील तीं हुजूरच्या परवानगीनें तोडावीं, आणखी लागेल तें परमुलुखांतून विकत आणावें, असा नियम आहे. आंबा-फणसाचें लांकूडहि उपयोगी. तरी त्यांस हात लावूं नये, कारण हीं झाडें वर्षा-दोन वर्षांत होत नाहींत व रयतेनें तीं पोटच्या पोरांप्रमाणें वाढविलेलीं असतात. एखादें अगदीं जीर्ण असेल तर धन्यास राजी करून, मोल देऊन न्यावें.

येथें मुख्य कारण रयतेचें दुःख व त्याचा राजावर येणारा दोष हें आहे. वृक्षांच्या अभावीं होणारी हानि ओघानें सांगितली आहे. शिवाय परमुलुखांतून लांकूड आणल्यानें भार नाहींसा होत नाहीं, तो दुसऱ्या अरण्यावर पडतो. म्हणून यास निसर्गरक्षणाचा कायदा म्हणणें आम्हांस मान्य नाहीं. तथापि झाड वाढण्यास लागणारा काळ पाहून त्याचा उपयोग ठरविणें, ही दृष्टि त्यांत निःसंशय आहे.

लांकडाच्या निवडीचें फळ मुंबईच्या गोदींत दिसतें. सागवानांतील तेलामुळें तें सहसा कुजत नाहीं. वाडिया घराण्यानें बांधलेलें ‘कॉर्नवॉलिस’ जहाज १८१३ त पाण्यांत उतरलें. १८४२ चा नानकिंगचा तह त्याच्यावरच झाला. १८६५ त त्याचा शीरनेस येथें धक्का म्हणून उपयोग झाला, व तें मोडलें १९५७ त. १८१७ चें ‘ट्रिंकोमाली’ हार्टलपूल येथें आजहि तरंगत आहे.

परंतु वस्तु दीर्घायुषी झाली म्हणून अरण्याचें ऋण फिटत नाहीं. मलबारांतील सागवान इतकें तोडलें गेलें कीं, १८४० नंतरच्या दशकांत कलेक्टर कॉनोली यांस निलंबूर येथें तें मुद्दाम लावावें लागलें. जहाजाचें आयुष्य मोजतांना झाडाचेंहि मोजावें, हा आज्ञापत्राचा खरा बोध आहे. आणि तो सिद्ध करण्यास त्यावर शिवछत्रपतींचें नांव घालण्याची गरज नाहीं.