भोंग्यातून गोल आवाज

खामगावच्या आमच्या घरात माळ्यावर एक इलेक्ट्रिक गिटार आहे. कोलकात्याच्या गिव्हसन कंपनीची ही गिटार माझ्या मामूंची. ऐंशीच्या दशकात लग्नसराईत आणि गणेशोत्सवात ते ऑर्केस्ट्रात वाजवत. गेल्या वर्षी मामू वारले. परवा गिटार पुसताना मागच्या बाजूला चिकटपट्टी दिसली. तिच्यावर बॉलपेनने लिहिलं होतं : 'चुरा लिया. बेस ५, ट्रेबल ३, इको २.' त्यांच्या वादनाची एकही कॅसेट नाही. लेखी पुरावा म्हणावा तर एवढाच.

विजेवर चालणारी गिटार अमेरिकेत १९३०च्या दशकाच्या सुरुवातीला बाजारात आली. तारांखाली लोहचुंबक आणि त्याभोवती तांब्याच्या बारीक तारेचं वेटोळं, म्हणजे पिकअप. तार हलली की वेटोळ्यात क्षीण वीज उमटते आणि अ‍ॅम्प्लिफायर ती मोठी करतो. आपल्याकडे लखनौच्या व्हॅन शिप्ले यांनी ही गिटार हिंदी सिनेसंगीतात गाजवली. पुढे राहुल देव बर्मन यांच्या 'दम मारो दम' (१९७१) आणि 'चुरा लिया है तुमने' (१९७३) या गाण्यांत भूपिंदर सिंग यांनी गिटार वाजवली. गायक म्हणून त्यांना सगळे ओळखतात, पण ही गिटार त्यांची हे अनेकांना ठाऊक नसतं. रेकॉर्डच्या वेष्टनावर संगीतकार, गीतकार, गायक यांची नावं असत; वादकांची सहसा नसत.

मामूंचा हात आधी बसला तो बेंजोवर. १९१२ साली जपानच्या नागोया शहरात तयार झालेलं तायशोगोतो हे वाद्य आपल्याकडे बुलबुलतरंग आणि बेंजो झालं. त्याला पिकअप लागला आणि ते कव्वालीत, वरातीत शिरलं. सैलानीच्या यात्रेत मामूंनी कव्वालांना साथ केली होती. तिथं ढोलक, टाळ्या आणि कोरस यांच्यावर वाद्य ऐकू आलं पाहिजे, म्हणून ट्रेबल पूर्ण उघडा. तीच सवय घेऊन ते गिटारकडे आले आणि फसले. 'चुरा लिया'ला पहिल्यांदा साथ केली तेव्हा गाणाऱ्या ताई मध्येच थांबल्या. म्हणाल्या, "भैया, तुमची तार माझ्या गळ्यात टोचतेय."

दोष एकट्या बोटांचा नव्हता. गिटारसाठी बनवलेल्या अ‍ॅम्प्लिफायरचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वरचा आवाज आपोआप गाळतो, म्हणून सूर गोल वाटतो. असा अ‍ॅम्प्लिफायर आमच्या तालुक्याच्या गावी कुठला? गिटार लागायची मंडपवाल्याच्या अहुजा मशीनला, आणि पुढे भोंगा. भोंगा भाषणासाठी चांगला. तो खर्ज टाकून देतो आणि मधला टोकदार आवाज लांब फेकतो. बायकांच्या आवाजातली अक्षरंही त्याच पट्ट्यात असतात. मग गिटार आणि गळा एकमेकांवर आदळणारच.

मामूंनी महिनाभर रोज रात्री प्रयोग केले. भोंगा काढून बारा इंची कागदी स्पीकरचं खोकं लावलं. मानेजवळचा पिकअप निवडला, कारण तिथं तार मोकळी हलते आणि सूर भरीव येतो. गिटारवरचं टोनचं बटण अर्ध्यावर आणलं. मशीनचा आवाज फाटायला लागतो त्याच्या जरा अलीकडे थांबवला. इको नावापुरता, नाहीतर शब्द एकमेकांत मिसळतात. नखी सोडून अंगठ्याच्या मांसल भागाने तार छेडली. शेवटी खोकं भिंतीकडे तोंड करून ठेवलं. परतून येणारा आवाज मऊ झाला. मला म्हणायचे, "पहले गला सुन, फिर तार छेड."

माझी मुलगी आता मोबाइलमध्ये हवा तो अ‍ॅम्प्लिफायर निवडते. काल तिनं हेच गाणं वाजवलं, इको भरपूर लावून. मी तिला चिकटपट्टी दाखवली. ते आकडे त्या एका मशीनचे, तिच्या मोबाइलवर जसेच्या तसे चालणार नाहीत, हे तिनंच मला सांगितलं. पण तिनं ट्रेबल उतरवला, इको काढला आणि मला म्हणाली, "अब्बू, तुम्ही गा, मग लावते."

चिकटपट्टी तशीच राहू दिली आहे. शेजारी मामूंचं नाव मात्र मी लिहून ठेवलं.