दोन सिंह, एक सिनेमा

'द लायन किंग'ची सुरुवात बहुतेकांना पाठ असते. पडद्यावर तांबडा सूर्य वर येतो आणि त्याच क्षणी एक पुरुषी आवाज आभाळाला हाक मारावी तसा घुमतो. भाषा झुलू आहे. जगातल्या बहुसंख्य प्रेक्षकांना त्यातलं अक्षरही कळत नाही, तरी अंगावर काटा येतो. अर्थ बघायला गेलं तर साधाच आहे. सिंह येतोय, एवढीच वर्दी.

याच सिनेमात पुढे टिमॉन आणि पुम्बा जंगलातून मजेत चालत असतात आणि एका जुन्या गाण्याचा तुकडा गुणगुणतात. काही सेकंदांचा मामला. तोही सिंहाबद्दलच, झोपलेल्या सिंहाबद्दल. लोक हसतात आणि पुढच्या प्रसंगाकडे वळतात.

या दोन्ही तुकड्यांची मुळं दक्षिण आफ्रिकेत आहेत. पहिला आवाज ज्याचा, त्याला नाव मिळालं. दुसरी चाल ज्याची, तो १९६२ मध्ये कफल्लक अवस्थेत मेला आणि त्याच्या मुलींना न्यायासाठी २००६ पर्यंत थांबावं लागलं. एकाच सिनेमात असं का घडलं, हे समजून घेतलं की 'आफ्रिकेचं पारंपरिक संगीत' हे शब्द आपण तितक्या सहज वापरत नाही.

आधी पहिला आवाज. तो लेबो एम. यांचा, म्हणजे लेबोहांग मोराके यांचा. जन्म १९६४, जोहान्सबर्गजवळच्या सोवेटोमधला. वर्णद्वेषी राजवटीतला हा मुलगा किशोरवयातच देश सोडून लेसोथोमध्ये गेला आणि पुढे अमेरिकेत पोहोचला. तिकडे हान्स झिमर हे जर्मन संगीतकार हॉलिवूडमध्ये जम बसवत होते. 'अ वर्ल्ड अपार्ट' (१९८८) आणि 'द पॉवर ऑफ वन' (१९९२) हे त्यांचे दोन्ही सिनेमे दक्षिण आफ्रिकेतल्या वर्णद्वेषाबद्दल होते. दुसऱ्या सिनेमासाठी त्यांनी लेबो एम. यांना सोबत घेतलं. तिथे वाद्यवृंद आणि आफ्रिकी समूहगान यांची जी सांगड जमली, तिच्यामुळेच डिस्नेने 'द लायन किंग'साठी झिमर यांना गाठलं.

या संगीतात नेमकं काय होतं? हेडफोन लावून ऐकलं तर कळतं. दक्षिण आफ्रिकेच्या समूहगानात एकाने ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती उचलायची, अशी रीत आहे. खाली जाड आवाजांचा भक्कम थर असतो आणि त्याच्यावर एखादा आवाज मोकळा फिरतो. युरोपीय वाद्यवृंदातही असेच थर असतात, फक्त तिथे व्हायोलिन, चेलो आणि पितळी वाद्यं असतात. झिमर यांनी समूहाला सजावटीसारखं वरून चिकटवलं नाही. मुफासाचा मृत्यू किंवा सिम्बाचं परतणं अशा मोक्याच्या जागी कथेचं ओझं तो समूह आणि वाद्यवृंद मिळून उचलतात. झिमर सहा वर्षांचे असताना त्यांचे वडील गेले होते. हे संगीत करताना आपण त्या दुःखाकडे पहिल्यांदा नीट पाहिलं, असं त्यांनी नंतर सांगितलं आहे.

काळही विलक्षण होता. एप्रिल १९९४ मध्ये दक्षिण आफ्रिकेत सर्व वर्णांच्या नागरिकांनी पहिल्यांदा एकत्र मतदान केलं. १० मे रोजी नेल्सन मंडेला राष्ट्राध्यक्ष झाले. जूनमध्ये 'द लायन किंग' अमेरिकेत प्रदर्शित झाला. हक्काच्या गादीवरून हुसकावलेला वारस परततो, या गोष्टीवर घर सोडून गेलेल्या एका सोवेटोकराचा आवाज होता.

अर्थात सगळंच काही नेटकं नव्हतं. पात्रांची नावं स्वाहिली, माळरान पूर्व आफ्रिकेचं, समूहगान हजारो किलोमीटर दक्षिणेकडचं झुलू. हॉलिवूडच्या लेखी हे सगळं मिळून 'आफ्रिका'. ऑस्करही एकट्या झिमर यांना मिळालं. पण लेबो एम. यांचं नाव कागदावर होतं. १९९५ मध्ये त्यांच्या रचनांचा 'ऱ्हिदम ऑफ द प्राइड लँड्स' हा अल्बम आला आणि १९९७ च्या ब्रॉडवे नाटकात संगीतकारांच्या यादीत ते एल्टन जॉन आणि झिमर यांच्या बरोबरीने आले.

आता दुसरा सिंह. सॉलोमन लिंडा यांचा जन्म १९०९ सालचा, नाताळ प्रांतातल्या झुलू मुलखातला. त्या काळच्या असंख्य तरुणांसारखे तेही पोटासाठी जोहान्सबर्गला आले. आठवडाभर कष्ट करायचे आणि सुट्टीच्या दिवशी कामगारांच्या वस्तिगृहात गाण्याच्या स्पर्धा गाजवायच्या, असं ते जग होतं. लिंडा यांच्या गटाचं नाव 'ईव्हनिंग बर्ड्स'. गॅलो या रेकॉर्ड कंपनीत ते रेकॉर्डी बांधण्याचं काम करत. १९३९ मध्ये त्याच कंपनीच्या स्टुडिओत त्यांनी 'म्बुबे' हे गाणं ध्वनिमुद्रित केलं. म्बुबे म्हणजे सिंह. खाली समूहाचा एकसारखा ठेका आणि वर लिंडा यांचा उंच, पातळ आवाज. शेवटाकडे त्यांनी ऐन वेळी सुचलेली एक चाल सोडली. पुढे जगभर गाजली ती हीच चाल.

दक्षिण आफ्रिकेत या रेकॉर्डच्या सुमारे १ लाख प्रती खपल्या. ही शैली इतकी रुजली की त्या गायनप्रकारालाच 'म्बुबे' म्हणू लागले. लिंडा यांना गाण्याचे हक्क दिल्याबद्दल १० शिलिंग मिळाले. म्हणजे अर्धा पौंड.

रेकॉर्ड अमेरिकेत लोकसंगीताचे संग्राहक अ‍ॅलन लोमॅक्स यांच्याकडे पोहोचली. त्यांनी ती पीट सीगर यांना दिली. सीगर यांना झुलू पालुपद नीट ऐकू आलं नाही आणि 'विमोवे' हा अर्थहीन शब्द जन्माला आला. १९५२ मध्ये सीगर यांच्या 'द वीव्हर्स' या गटाचं याच नावाचं गाणं गाजलं. लिंडा यांचं नाव त्यावर नव्हतं. हे झुलूंचं कुठलं तरी जुनं लोकगीत असावं, असाच समज होता. सीगर यांनी नंतर लिंडा यांना १,००० डॉलरचा धनादेश पाठवला, पण मालकीचे कागद तसेच राहिले. १९६१ मध्ये 'द टोकन्स' या गटाने नव्या इंग्रजी शब्दांत 'द लायन स्लीप्स टुनाइट' आणलं आणि ते अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. पुढच्याच वर्षी लिंडा वारले. त्यांच्या थडग्यावर दगड बसवायला कुटुंबाला १८ वर्षं लागली.

इथेच 'पारंपरिक' या शब्दाची गोम आहे. परंपरा म्हणजे सगळ्यांची. सगळ्यांची म्हणजे कुणा एकाची नाही. आणि कुणा एकाची नाही, म्हणजे आधी जो नोंदवेल त्याची. 'म्बुबे' कुणा अनाम पूर्वजाचं गाणं नव्हतं. ते ठरावीक साली, ठरावीक स्टुडिओत, नावगाव असलेल्या माणसाने केलेलं होतं. त्याला परंपरेच्या ढिगात टाकलं की त्याच्या घरच्यांना काही द्यायची गरज उरत नव्हती.

२००० मध्ये रायन मलान या दक्षिण आफ्रिकी पत्रकाराने 'रोलिंग स्टोन'मध्ये ही सगळी हकीकत लिहिली. गाण्याने तोवर सुमारे दीड कोटी डॉलर मिळवले असावेत, असा त्यांचा अंदाज होता. मग ओवेन डीन या वकिलांनी १९११ चा ब्रिटिश साम्राज्याचा कॉपीराइट कायदा उघडला. त्यात एक विसरलेली तरतूद होती: लेखकाने हयातीत हक्क विकले असले, तरी त्याच्या मृत्यूनंतर २५ वर्षांनी ते वारसांकडे परत येतात. लिंडा १९६२ मध्ये गेले, म्हणजे १९८७ पासून हक्क मुलींचे. 'द लायन किंग' आला १९९४ मध्ये. २००४ मध्ये डिस्नेवर दक्षिण आफ्रिकेत खटला दाखल झाला आणि मिकी माउससह डिस्नेच्या तिथल्या २०० हून अधिक ट्रेडमार्कांवर न्यायालयामार्फत टाच आणली गेली. फेब्रुवारी २००६ मध्ये तडजोड झाली. मागची थकबाकी, पुढच्या रॉयल्टीतला वाटा आणि सहसंगीतकार म्हणून लिंडा यांचं नाव, हे मान्य झालं. त्या रॉयल्टीची मुदत २०१७ मध्ये संपली.

तोच १९११ चा कायदा थोड्या फेरफारांसह १९१४ मध्ये आपल्याकडेही लागू झाला होता. स्वतंत्र भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. आणि सिनेमातलं गाणं थिएटरबाहेर वाजलं तर गीतकार-संगीतकाराला रॉयल्टीत समान वाटा मिळावा, हा हक्क त्याला सहीनिशीही सोडता येऊ नये, ही दुरुस्ती आली थेट २०१२ मध्ये. गरजेपोटी केलेली सही ही राजीखुशीची सही नसते, हे कायद्याला कळायला आपल्याकडेही इतका वेळ लागला.

'ब्लॅक पँथर' (२०१८) करताना लुडविग योरानसन हे स्वीडिश संगीतकार सेनेगलला गेले आणि गायक बाबा माल यांच्यासोबत दौऱ्यावर फिरले. टचालाच्या आगमनाला वाजणारा 'तामा', म्हणजे बोलणारा ढोल, मसाम्बा जोप यांचा आहे. किलमाँगरच्या मागची बासरी अमादू बा यांची. त्या सिनेमालाही संगीताचं ऑस्कर मिळालं आणि तेही एकट्या योरानसन यांनाच. पण ढोल कुणाचा आणि बासरी कुणाची, हे आज फोनवर अर्ध्या मिनिटात सापडतं. १९५२ मध्ये 'विमोवे'वर नाचणाऱ्या अमेरिकन पोरांना रेकॉर्ड उलटीपालटी करूनही सॉलोमन लिंडा हे नाव सापडलं नसतं.

पुढच्या वेळी कुठल्या गाण्याखाली नुसतं 'पारंपरिक' लिहिलेलं दिसलं, तर थोडं थांबून शोधा. कधी खरंच कुणी एक कर्ता नसतो. कधी तो असतो आणि त्याच्या मुली अजून वाट बघत असतात.