व्हॉल्व्हचा रेडिओ: काय जपायचं, काय बदलायचं

मंडळी, मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्याने आम्हाला गाठून विचारलं, "आजोबांचा रेडिओ माळ्यावरून खाली काढलाय. प्लगात घालून बघू का?" आम्ही म्हटलं, थांबा. चाळीस वर्षं बंद असलेला सेट सरळ विजेवर लावणं ही त्या सेटला मारण्याची सगळ्यात सोपी रीत आहे, आणि कधीकधी माणसालाही. आजचं बोलणं त्या उत्तराचाच विस्तार आहे. इतिहास आधी घेऊ, कारण इतिहास कळला की धोका कुठे आहे तेही कळतं.

मुंबईचं नभोवाणी केंद्र 23 जुलै 1927 रोजी सुरू झालं. उद्घाटन व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांनी केलं. चालवणारी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनी तीन वर्षांतच बुडाली आणि 1930 साली कारभार सरकारकडे आला. ऑल इंडिया रेडिओ हे नाव मिळालं 1936 साली. रेडिओ बाळगायला तेव्हा परवाना लागे. पुढे कित्येक दशकं आपण पोस्टात जाऊन दरवर्षी शुल्क भरत होतो, हे आजच्या मुलांना सांगितलं तर ती हसतात.

पण घराघरांतल्या रेडिओचा खरा काळ स्वातंत्र्यानंतरचा. 1952 साली बाळकृष्ण विश्वनाथ केसकर नभोवाणी मंत्री झाले. पुण्याचा माणूस, शास्त्रीय संगीताचा कैवारी. आकाशवाणीवरून चित्रपटगीतं जवळजवळ गेली, आणि लोकांनी काय केलं? सुई शॉर्टवेव्हवर नेली आणि रेडिओ सिलोन लावलं. बिनाका गीतमाला त्याच वर्षी सुरू झाली. विविध भारती यायला 3 ऑक्टोबर 1957 उजाडला. त्या मधल्या वर्षांत शॉर्टवेव्ह नीट पकडणाऱ्या सेटला घरात देव्हाऱ्याच्या खालोखाल मान होता. केसकरांनी अभिजात संगीतासाठी जेवढं केलं, तेवढंच नकळत सिलोनसाठीही केलं, असं आमचं मत आहे.

आता आत डोकावू. व्हॉल्व्ह म्हणजे हवा काढून टाकलेली काचेची नळी. पहिला व्हॉल्व्ह फ्लेमिंगने 1904 साली केला. आत कॅथोड तापतो, त्यातून इलेक्ट्रॉन निघतात आणि धन भाराच्या प्लेटकडे धावतात. हे धावणं घडवायला दोनशे-अडीचशे व्होल्टचा डीसी दाब लागतो. ट्रान्झिस्टर नऊ व्होल्टवर भागवतो. इथे चॅसीच्या पोटात माणूस मरेल एवढा दाब खेळत असतो. प्लग काढल्यावरही तो फिल्टरच्या कंडेन्सरमध्ये साठून राहू शकतो. (जुने दुरुस्तीवाले कपॅसिटरला कंडेन्सरच म्हणत, आम्हीही तेच म्हणतो.)

याहून वाईट गोष्ट पुढे आहे. त्या काळी देशातल्या काही शहरांच्या काही भागांत घरात डीसी वीज येई, इतरत्र एसी. दोन्हींवर चालावा म्हणून एसी-डीसी सेट निघाला. त्यात मेन्सचा ट्रान्सफॉर्मर नसतो. व्हॉल्व्हचे फिलामेंट एकामागोमाग एक माळेत जोडलेले, आणि मेन्सची एक तार थेट चॅसीलाच. दोन पिनांचा प्लग उलटा बसला की सगळी लोखंडी चॅसी जिवंत! म्हणून तर मागचा पुठ्ठा स्क्रूने पक्का केलेला असे आणि बटणांच्या स्क्रूची भोकं मेणाने बुजवलेली असत. आज लोक पुठ्ठा हरवतात, मेण खरवडून काढतात. तो पुठ्ठा शोभेचा नव्हता हो, तो तुमच्या आणि विजेच्या मधला पडदा होता.

ओळखायचं कसं? युरोपीय पद्धतीच्या व्हॉल्व्हचं नाव यू अक्षराने सुरू होत असेल, यूसीएच, यूवाय असं, तर बहुधा हा माळेचा सेट. ई अक्षर म्हणजे 6.3 व्होल्टचं फिलामेंट, तिथे बहुतेक ट्रान्सफॉर्मर असतो. ट्रान्सफॉर्मरच्या सेटला तीन तारांची वायर लावून चॅसी अर्थ करावी. माळेच्या सेटला चुकूनही तसं करू नये, आणि आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर नसेल तर तो उघडून लावूही नये. अनुभवी माणसाकडे न्यावा. यात कमीपणा काही नाही.

मग करायचं काय? आधी काहीही न लावता पाहायचं. वायरीचं रबर वाळून भुगा झालं असेल तर ती वायर बदलायची. फ्यूज नसेल तर घालायचा. मागे व्होल्टेज निवडायची खूण असेल तर ती सगळ्यात वरच्या आकड्यावर ठेवायची. माळेच्या सेटमध्ये तापणाऱ्या रेझिस्टरजवळ राखाडी पत्रा दिसला तर तो अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. खरवडू नका, फुंकू नका. काम करताना कंडेन्सर रेझिस्टरमधून रिकामा करायचा आणि मीटरने शून्य दिसल्याशिवाय हात घालायचा नाही.

मेणाचे कागदी कंडेन्सर मात्र बदलायचेच. कागद ओल धरतो आणि वीज झिरपू लागते. शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर बसलेला छोटासा कंडेन्सर झिरपला, की ग्रिड धन होते, व्हॉल्व्ह बेसुमार करंट ओढतो आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळतो. चार-पाच रुपयांच्या वस्तूपायी न मिळणारी वस्तू जाते. फिल्टरचे इलेक्ट्रोलिटिकही तसेच: पडून राहून आतला ऑक्साइडचा थर विरतो, लावल्यावर ते तापतात, कधी फुटतात.

हे सगळं झाल्यावर पहिली वीज सिरीज बोर्डातून द्यायची, साठ-शंभर वॉटचा जुना पिवळा बल्ब ओळीत लावून. बल्ब उजळून मंद झाला तर ठीक. प्रखरच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. बल्ब सेटला वाचवतो, तुम्हाला नाही. शॉक तेवढाच बसतो. म्हणून चालू सेटमध्ये एकच हात, दुसरा खिशात.

आम्ही स्वतः एक चूक केली, ती सांगतो. वडिलांच्या सेटची डायलची काच ओल्या फडक्याने पुसली. धूळ गेली आणि तिच्याबरोबर स्टेशनांच्या नावांची अर्धी ओळ गेली. कंडेन्सर बाजारात मिळतो, ती अक्षरं कुठून आणणार? काचेची अक्षराची बाजू कोरड्या मऊ ब्रशनेसुद्धा जपूनच झाडावी.

तेव्हापासून एक जुना प्रश्न आमच्यापुढे नव्याने आला. थीसियसच्या जहाजाची फळी फळी बदलली, तर ते तेच जहाज का? हॉब्जने त्यात भर घातली: काढलेल्या फळ्यांचं कोणी दुसरं जहाज बांधलं तर खरं कोणतं? आणि मिलिंदपञ्ह मध्ये नागसेन राजाला विचारतो, आस म्हणजे रथ का, चाक म्हणजे रथ का? रथ हे नुसतं नाव, असा त्याचा रोख. वर्गात हे आम्ही वर्षानुवर्षं शिकवलं, पण हातात पक्कड असताना ते वेगळं लागतं. काही कारागीर जुन्या कंडेन्सरची मेणाची नळी गरम करून पोकळ करतात, आत नवा घालतात आणि वरून मेण ओततात. बघणाऱ्याला सगळं जुनंच. आधी आम्हाला ही फसवणूक वाटे. आता वाटत नाही, मात्र एका अटीवर: कॅबिनेटच्या आत चिठ्ठी चिकटवायची, कोणत्या तारखेला काय बदललं, किती मूल्याचं. पुढच्या दुरुस्तीवाल्याला, आणि पुढच्या इतिहासकाराला, अंदाजावर सोडायचं नाही.

आमच्या सेटमधल्या चिठ्ठीवर सात ओळी आहेत. शेवटची काचेबद्दल आहे. ती अक्षरं आम्ही पुन्हा रंगवली नाहीत. त्या कोऱ्या पट्टीवर सुई फिरवून, कानाने, स्टेशन शोधतो.