कॅम्प नंबर तीनचं वायुदल

आमच्या गावात लढाईसाठी बांधलेली एकच गोष्ट होती, आणि तिच्यात आम्ही राहत होतो. ती म्हणजे बराक. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ फौजेसाठी हा तळ उभारला गेला. पलटणी यायच्या, थांबायच्या आणि पुढं आघाडीवर जायच्या. युद्ध संपलं, गोरे गेले, फाळणी झाली आणि सिंधमधून उठून आलेली माणसं त्या ओसाड बराकींत बिऱ्हाडं थाटून बसली. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसून त्याचं 'उल्हासनगर' झालं. पण पत्ता सांगताना माणूस आजतागायत 'कॅम्प नंबर तीन' असंच म्हणतो. बाहेरगावच्या पाहुण्यांना वाटे, आमचे अण्णा पलटणीत आहेत. अण्णा अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत कारकून होते. दारूगोळ्याशी त्यांचा संबंध फक्त तीन प्रतींत यायचा.

तरीही लढाऊ वैमानिक व्हायचं, हे मी सातवीतच ठरवून टाकलं होतं. कारण पतंग. संक्रांतीला छपरावर चढून मी गल्लीतले निम्मे पतंग कापले होते. (उरलेले निम्मे माझे होते, ते इतरांनी कापले.) वारा पाठीशी ठेवायचा, गड्याला वर जाऊ द्यायचं, ढील द्यायची आणि मग एक हिसका. हवाई युद्धात याहून वेगळं काय असतं, असं मी आईला विचारलं. 'बोटं कापत नाहीत,' असं म्हणून तिनं हळद दाबली.

१९८५ साली स्टेशनच्या वाटेवर एका साईंनी व्हिडिओ गेमचं पार्लर काढलं. मशिनांची खोकी इथल्याच सुतारानं ठोकलेली, वर सनमायका, आणि त्यावर ठसठशीत 'मेड इन यूएसए'. उल्हासनगरात या अक्षरांचा अर्थ 'उल्हासनगर सिंधी असोसिएशन' असा घ्यायचा असतो, हे तुम्हाला ठाऊक असेलच. त्यातल्या एका मशिनवर '१९४२' नावाचा विमानयुद्धाचा खेळ होता. खाली पॅसिफिक महासागर, वर आपलं अमेरिकन विमान, आणि समोरून थव्यानं येणारी जपानी विमानं. ती पाडायची. गंमत अशी, की हा खेळ केला होता कॅपकॉम या जपानी कंपनीनं, १९८४ साली! स्वतःचीच विमानं पाडायला देऊन वर पैसे घ्यायचे, हा व्यवहार साईंना फार पसंत होता. आणि ज्या युद्धासाठी आमच्या बराकी बांधल्या, तेच युद्ध चाळीस वर्षांनी मी त्यांच्या सावलीत रुपयाला एक टोकन देऊन लढत होतो. दोस्त राष्ट्रांची कुमक थोडी उशिरा पोचली, एवढंच.

अण्णांना हा उनाडपणा वाटे. त्यांना तेव्हा सांगायला हवं होतं (पण मलाच ते पुढं कळलं), की या विद्येचं मूळच मुळी उनाडपणात आहे. १९१० च्या सुमारास फ्रान्समध्ये आंत्वानेत कंपनीनं शिकाऊ वैमानिकांसाठी एक यंत्र केलं होतं. यंत्र कसलं? पिंपाचे दोन अर्धे भाग एकावर एक, वर उमेदवार बसलेला, आणि बाजूला उभी माणसं ते पिंप हातानं डुलवताहेत. जत्रेतला पाळणा याहून बरा. पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी मशिनगनच्या आकाराचा कॅमेराच केला. घोडा दाबला की गोळीऐवजी फोटो निघायचा, आणि फोटोत शत्रूचं विमान कुठं आहे त्यावरून नेम बरोबर की चूक ते ठरायचं. आपल्याकडे लग्नात फोटोग्राफरनं उडवलेली मुंडकी पाहिली, की मला नेहमी त्याची आठवण होते.

पण खरा पठ्ठ्या एडविन लिंक. बाप न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टन गावात ऑर्गन बनवायचा. म्हणजे आपल्याकडच्या पायपेटीचा थोरला भाऊ. मुलाला विमानाचं वेड, आणि शिकवणीचे पैसे भारी. त्यानं काय करावं? ऑर्गनचे भाते काढून त्यांवर लाकडी विमानाचा छोटा डबा बसवला. दांडा ओढला की भात्यात हवा भरते आणि विमान नाक वर करतं! १९२९ साली हे तयार झालं. गिऱ्हाईक मिळालं कोण, तर करमणुकीच्या बागा. लष्कराला हे पोरखेळ वाटले. १९३४ साली अमेरिकन लष्कराकडे विमानानं टपाल नेण्याचं काम आलं, आणि धुक्यापावसात वैमानिक एकामागून एक मरू लागले, तेव्हा त्यांनी सहा खेळणी विकत घेतली. दुसऱ्या महायुद्धात त्याच निळ्या डब्यांत लाखो पोरं आंधळेपणानं उडायला शिकली. त्याच युद्धात फ्रेड वॉलरनं पाच प्रोजेक्टर लावून तोफचींसाठी चहूबाजूंनी चाल करून येणारी विमानं पडद्यावर दाखवली, आणि १९५२ साली त्याच युक्तीचा 'सिनेरामा' करून प्रेक्षकांना दाखवला. जत्रेतलं लष्करात गेलं, लष्करातलं थेटरात आलं. मी तरी पार्लरमध्ये वेगळं काय करत होतो?

१९८६ साली मला वायुदलाच्या निवडीचं बोलावणं आलं. अण्णांनी एक शब्द न बोलता नवे बूट आणले. मापाला एक नंबर मोठे. वाढ व्हायची आहे म्हणून. मी मात्र शेवटच्या पंधरवड्यात साईंकडे दररोज पाच टोकनं उडवली.

त्या निवडीत वैमानिक होणाऱ्यांसाठी एक यंत्राची चाचणी असायची. खुर्ची, हातात दांडा, पायाशी पेडल, समोर पडद्यावर एक नाचरा ठिपका. तो चौकटीत धरून ठेवायचा, मधेच दिवे लागले की ते विझवायचे. आणि ही चाचणी माणसाला आयुष्यात एकदाच देता यायची. मॅट्रिकला तेव्हा ऑक्टोबर असायचा, इथं नाही.

मला घाम फुटला नाही. दांडा हातात घेतला आणि ठिपका खाली घसरताना दिसताच साईंच्या मशिनवर ढकलायचो तसा पुढं ढकलला. खेळात दांडा पुढं केला की विमान पडद्यावर वर जातं. खऱ्या विमानात दांडा पुढं म्हणजे नाक खाली, मागं ओढला तर वर. हे मला माहीत नव्हतं का? पुस्तकात तीनदा वाचलं होतं. पण पाचशे टोकनांनी शिकवलेला हात पुस्तक मानत नाही. ठिपका जेवढा खाली जाई, तेवढा मी पुढं दाबी. शेवटी तो चौकट सोडून गेला तो परत आलाच नाही.

कल्याण स्टेशनवर अण्णा घ्यायला आले होते. माझ्या चेहऱ्याकडे बघून त्यांनी काही विचारलं नाही. 'बूट चावले का रे?' एवढंच म्हणाले, आणि दोन चहा सांगितले. मला रडू आलं ते तिथं.

पुढच्याच साली सेगाचा 'आफ्टर बर्नर' निघाला. त्यात खऱ्या विमानासारखा दांडा होता, ओढला की वर जाणारा. तो एक वर्ष आधी निघता तर, हा हिशेब मी कित्येक रात्री घातला. मग बँकेत लागलो आणि लोकांचे हिशेब घालू लागलो.

परवा बहिणीचा नातू आमच्या सोफ्यावर पाय पसरून मोबाइलवर विमानं पाडत होता. मी म्हटलं, 'बाळा, सांभाळून. हात चुकीचा बसतो.' आणि सगळी कहाणी सांगितली. त्यानं ऐकून घेतली, स्क्रीनवर एक चौकोन उघडला आणि बोटानं एक बारीकशी खूण दाखवली.

'आजोबा, इथं इन्व्हर्ट असं असतं. ते दाबायचं.'